कनेक्टर फ्रीवे म्हणजे काय? महामार्गाला शहराशी जोडणारा छोटा रस्ता नेमकं काय काम करतो?

समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे अशा लांबलचक रस्त्यांबद्दल आपण नेहमीच वाचतो. आजच्या लेखात मात्र आपण एका छोट्या रस्त्याची माहिती घेणार आहोत. मोठा महामार्ग शहराच्या जवळ येऊन थांबतो आणि तिथून पुढे शहरातल्या रस्त्यापर्यंत नेणारा जो काही किलोमीटरचा विनासिग्नल रस्ता असतो, त्याला कनेक्टर फ्रीवे म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी जोडमार्ग म्हणूया.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. माझं गाव नंदुरबार जिल्ह्यातलं कळसाडी. दोन वर्षांपूर्वी वडिलांना मुंबईत परळ भागातल्या एका रुग्णालयात दाखवायचं होतं. सकाळी ९ ची वेळ मिळाली होती. रात्री गावातून निघालो. धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट करत उजाडताना ठाण्याला पोचलो. चुलत भाऊ गाडी चालवत होता आणि मी शेजारी मोबाइलवर नकाशा धरून बसलो होतो. जवळजवळ चारशे किलोमीटर आम्ही व्यवस्थित आलो. शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये, ईस्टर्न फ्रीवेवर, वडाळ्याच्या बाजूला उतरायचं होतं तो उतार चुकला. पुढे उतरायला जागाच नाही! सरळ ऑरेंज गेटला जाऊन पडलो आणि सकाळच्या गर्दीतून खालच्या रस्त्याने मागे आलो. रुग्णालयात पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. आमचा नंबर गेला होता आणि डॉक्टर ऑपरेशनला आत गेले होते. एक दिवस मुंबईत काढावा लागला, तोही मागच्या सीटवर धड बसवत नसलेल्या माणसाला घेऊन.

रात्रभराचा प्रवास ठीक झाला आणि गाडं अडलं ते एका सांध्यावर. तेव्हापासून मी या विषयावर वाचत गेलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जोडमार्ग किती लांब आहे किंवा त्यावर किती वेगाने जाता येतं, यावर त्याचा उपयोग ठरत नाही. त्याची दोन टोकं आणि मधले चढ-उतार कसे आहेत, यावर ठरतो. ते कसं, हे आता क्रमाने पाहूया.

फ्रीवे, एक्सप्रेसवे आणि हायवे यात फरक काय?

आपल्याकडे हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, पण त्यात फरक आहे.

हायवे म्हणजे कोणताही महत्त्वाचा मोठा रस्ता. त्यावर गावं लागतात, चौक लागतात, ढाबे असतात, शेतातून ट्रॅक्टर थेट रस्त्यावर येतो.

फ्रीवे हा शब्द अमेरिकेतले वकील आणि नगररचनेचे अभ्यासक एडवर्ड बॅसेट यांनी १९३० मध्ये सुचवला. त्यांची कल्पना अशी होती की रस्त्याच्या कडेला ज्याची जमीन आहे, त्यालाही या रस्त्यावर थेट येण्याचा हक्क नसावा. म्हणजे ‘फ्री’ हा शब्द टोल माफ आहे म्हणून आलेला नाही. वाहतूक अडथळ्याविना मोकळी वाहते म्हणून तो फ्रीवे.

एक्सप्रेसवेही साधारण याच जातीचा. आपल्याकडे हा शब्द दोन शहरांमधल्या लांब, वेगवान आणि बहुतेक वेळा टोल असलेल्या रस्त्यासाठी रूढ झाला आहे. गंमत म्हणजे मुंबईतल्या ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या नावात एक्सप्रेसही आहे आणि हायवेही आहे. त्यामुळे नावावर जाऊ नका. रस्त्यावर चढायच्या आणि उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत का, एवढंच बघा. याला प्रवेश-नियंत्रण म्हणतात आणि जोडमार्गाचा सगळा फायदा-तोटा त्यातूनच येतो.

जोडमार्गाला नंबर कसा देतात?

अमेरिकेत १९५६ च्या कायद्यानंतर इंटरस्टेट महामार्गांचं जाळं उभं राहिलं. इंटरस्टेट म्हणजे आंतरराज्य. मुख्य इंटरस्टेटला एक किंवा दोन आकडी नंबर असतो आणि त्याच्या फांदीला तीन आकडी. शेवटचे दोन आकडे मुख्य रस्ता सांगतात. पहिला आकडा विषम असेल तर ती फांदी सहसा शहरात जाऊन संपते. सम असेल तर ती सहसा शहराला वळसा घालते किंवा दोन्ही टोकांना महामार्गाला जोडलेली असते.

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी शहरातला इंटरस्टेट ११०. लांबी जेमतेम साडेसहा किलोमीटर. इंटरस्टेट १० वरून निघतो आणि समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याला मिळतो. तिथे जागा इतकी कमी होती की शेवटचे उतार पाण्यावरून गोल फिरवून किनाऱ्यावर आणले आहेत.

आपल्याकडेही असाच नियम आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम नंबर आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. फांद्यांना तीन आकडी नंबर, ज्यातले शेवटचे दोन आकडे मुख्य महामार्गाचे.

माझ्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. सुरत-नवापूर-धुळे-जळगाव-नागपूर हा महामार्ग ५३, म्हणजे विषम, म्हणून पूर्व-पश्चिम. सेंधवा-शिरपूर-धुळे-सोलापूर हा महामार्ग ५२, म्हणजे सम, म्हणून उत्तर-दक्षिण. दोघं धुळ्यात एकमेकांना भेटतात. खेतिया-शहादा रस्त्यावरच्या दगडावर ७५२-जी दिसतं, म्हणजे ही ५२ ची फांदी. नंदुरबार-तळोदा-अक्कलकुवा रस्त्याचा नंबर ७५३-बी, म्हणजे ती ५३ ची फांदी. फांद्या बऱ्याच असतात, म्हणून शेवटी अक्षर लावून त्या वेगळ्या ओळखतात. पुढच्या वेळी एसटीतून जाताना किलोमीटरचा दगड दिसला की नंबर वाचून बघा, आपण कोणत्या मोठ्या रस्त्याच्या फांदीवर आहोत ते लगेच कळेल.

फरक इतकाच की आपल्या या फांद्या फ्रीवे नाहीत. त्यांच्यावर चौक, बाजार आणि गतिरोधक सगळं आहे. खऱ्या अर्थाने फ्रीवे असलेला जोडमार्ग बघायचा तर मुंबईला जावं लागतं.

ईस्टर्न फ्रीवे: महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण

नाशिककडून मुंबईत येणारी वाहतूक ठाण्याहून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागते. पूर्वी तिथून दक्षिण मुंबईत जायचं तर सायन, दादर, परळ, भायखळा असे सगळे चौक पार करत जावं लागायचं. यावर उपाय म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, ईस्टर्न फ्रीवे बांधला. एकूण लांबी सुमारे १६.८ किलोमीटर.

त्याचे तीन भाग आहेत:

१. पी. डिमेलो रोडवरच्या ऑरेंज गेटपासून आणिकपर्यंतचा उन्नत रस्ता. खांबांवरचा हा भाग नऊ किलोमीटरहून जास्त आहे आणि बंदराच्या जमिनीच्या कडेकडेने जातो.

२. आणिक ते पांजरापोळ. यात डोंगरातून जाणारा सुमारे अर्धा किलोमीटरचा जुळा बोगदा आहे.

३. पांजरापोळ ते घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड. इथून छेडानगरला ईस्टर्न एक्सप्रेस हायवे गाठता येतो.

पहिले दोन भाग जून २०१३ मध्ये सुरू झाले आणि तिसरा जून २०१४ मध्ये. फ्रीवेवर टोल नाही. एका बाजूला देशाच्या मोठ्या महामार्गाकडून आलेला रस्ता, दुसऱ्या बाजूला शहरातला एक जुना रस्ता आणि मध्ये विनासिग्नल सतरा किलोमीटर. जोडमार्गाची व्याख्या याहून सोपी करून सांगता येणार नाही.

सिग्नल काढल्याने नेमका किती फरक पडतो?

हे आकड्यांत बघूया. मोकळ्या रस्त्यावर एका लेनमध्ये दोन गाड्यांमध्ये साधारण पावणेदोन-दोन सेकंदांचं अंतर राहतं. म्हणजे एका लेनमधून तासाला अंदाजे १,८०० ते २,००० गाड्या जाऊ शकतात. आता त्याच लेनवर सिग्नल बसवला आणि हिरवा दिवा अर्धा वेळच मिळाला, तर ही संख्या निम्म्यावर येते, म्हणजे तासाला ९०० च्या आसपास. चौकात रस्ता रुंद असला तरी हा हिशेब चुकत नाही, कारण अर्धा वेळ रस्ता आडव्या वाहतुकीचा असतो.

म्हणून दोन लेनचा जोडमार्ग चार लेनच्या सिग्नलवाल्या रस्त्याइतक्या गाड्या नेऊ शकतो. एवढ्या कमी जागेत एवढं काम होतं, म्हणूनच शहरं असे रस्ते बांधतात.

मग जोडमार्गाच्या टोकाला रांग का लागते?

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. समजा, गर्दीच्या वेळी दोन लेनच्या जोडमार्गावरून तासाला ३,००० गाड्या येत आहेत. मार्ग आरामात नेतोय. पण तो जिथे संपतो तिथे सिग्नल आहे आणि तिथून दोन लेनमधून तासाला १,८०० गाड्याच पुढे सरकतात. एका तासात १,२०० गाड्या साचल्या. रांगेत उभी गाडी पुढच्या-मागच्या अंतरासह साधारण सात मीटर जागा घेते. दोन लेनमध्ये विभागली तर रांग झाली ४ किलोमीटरहून जास्त!

म्हणजे वरचा रस्ता कितीही चांगला असला तरी टोक तयार नसेल तर कोंडी फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. आधी ती सायनला होती, आता ती उताराच्या पायथ्याशी आली. शेतात पाइपलाइन टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चार इंची पाइप टाकला आणि शेवटी एक इंची तोटी बसवली, तर पाणी एका इंचाचंच येणार.

ईस्टर्न फ्रीवेच्या दोन्ही टोकांना पुढे जी कामं निघाली, ती याच कारणाने. उत्तरेला छेडानगर चौकात २०२२-२३ मध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले. तिथून ठाण्याकडे उन्नत मार्ग वाढवण्याचं काम एमएमआरडीएने हाती घेतलं आहे. दक्षिणेला ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जुळ्या बोगद्याचं काम सुरू आहे. त्या प्रकल्पाची लांबी सुमारे नऊ किलोमीटर आहे. म्हणजे सतरा किलोमीटरच्या रस्त्याची दोन टोकं नीट करायला जवळजवळ तेवढ्याच मोठ्या कामांची गरज पडली.

चढ आणि उतार: खरी कसरत इथेच

प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर गाडी तीन प्रकारच्या सांध्यांतून जाते.

चढ. खालच्या रस्त्यावरून तुम्ही ताशी ३० किलोमीटरने येता आणि वरची वाहतूक ६०-७० ने चाललेली असते. मध्ये वेग वाढवायला एक वेगळी लेन हवी. ती आखूड असेल तर गाडी थांबून वाट बघते आणि मागे रांग लागते.

उतार. इथे उलटं. वेग कमी करण्यासाठी मुख्य रस्त्यापासून बाजूला गेलेली लेन हवी. ती नसेल तर उतरणारा मुख्य रस्त्यावरच ब्रेक मारतो आणि त्याच्यामुळे सरळ जाणारेही अडतात.

फुली. एका चढापासून पुढचा उतार अगदी जवळ असेल, तर नुकत्याच चढलेल्या गाड्या आतल्या लेनकडे जाऊ पाहतात आणि उतरणाऱ्या गाड्या बाहेरच्या लेनकडे येऊ पाहतात. थोड्या अंतरात दोन्हींची फुली होते. शहरातल्या जोडमार्गांवर जागा कमी असल्याने हे हमखास घडतं. उपाय दोनच: चढ-उतारांमधलं अंतर वाढवायचं किंवा त्यांची संख्या कमी ठेवायची.

म्हणूनच अशा रस्त्यांवर उतरायच्या जागा मोजक्या असतात. जो सरळ जाणार त्याच्यासाठी हे वरदान. ज्याचा उतार चुकला त्याच्यासाठी मात्र शिक्षा.

मोबाइलचा नकाशा तिथे का फसतो?

आमचा उतार चुकला, तेव्हा मी सगळा दोष स्वतःला दिला होता. नंतर कळलं की जागाच अशी आहे की नकाशा गोंधळावा. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, बोगदा. जीपीएसचे संकेत उपग्रहाकडून येतात आणि डोंगराच्या आत पोचत नाहीत. आत गेल्यावर फोन शेवटचा वेग आणि आपले हालचालीचे सेन्सर वापरून अंदाजाने बाण पुढे सरकवतो. ताशी ६० च्या वेगाने अर्धा किलोमीटर पार करायला ३० सेकंद लागतात. बाहेर आल्यावर पुन्हा उपग्रह पकडायला फोनने पाच-सहा सेकंद घेतले, तर तेवढ्यात गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते. उतार बोगद्यानंतर थोड्याच अंतरावर असेल तर सूचना उशिरा येते.

दुसरं, उंची. जीपीएस आडवी जागा बऱ्यापैकी अचूक सांगतो, पण उंची सांगताना त्याची चूक जास्त होते. वर फ्रीवे आणि खाली त्याच दिशेचा रस्ता असेल, तर गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे फोनला खात्रीने कळत नाही. मग तो तुम्हाला पुलावर असताना ‘डावीकडे वळा’ असं सांगतो.

तिसरं, नकाशाला चिकटवणं. जीपीएसचा ठिपका थोडा इकडेतिकडे हलतो, म्हणून ॲप तो जवळच्या रस्त्यावर बसवून दाखवतं. उतार जिथून फुटतो, तिथे दोन्ही रस्ते सुरुवातीला अगदी शेजारी असतात. त्यामुळे तुम्ही सरळ गेलात हे ॲपला थोडं पुढे गेल्यावरच समजतं आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

यावर उपाय म्हणजे निघण्यापूर्वीच उताराचं नाव आणि त्याच्या आधीची खूण लक्षात ठेवणं. दुसऱ्या खेपेला मी कागदावर एवढंच लिहून घेतलं होतं: ‘बोगदा संपला की डावी लेन, पाटी वाचायची.’ या वेळी भावाने बोगद्याच्या आधीच विचारलं, “भाऊ, आता डावीकडेच ना?” आणि आम्ही साडेआठला रुग्णालयाच्या दारात होतो.

नवा रस्ता जोडला तर वाहतूक मंदावू शकते का?

ऐकायला विचित्र वाटेल, पण हो. जर्मन गणितज्ञ डिट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. याला ब्रेसचा विरोधाभास म्हणतात आणि तो नेमका छोट्या जोडमार्गाबद्दलच आहे.

समजा, एका गावातून शहरात ४,००० गाड्यांना जायचं आहे. वाटा दोन:

वरची वाट: आधी अरुंद रस्ता, मग रुंद रस्ता.
खालची वाट: आधी रुंद रस्ता, मग अरुंद रस्ता.

रुंद रस्त्याला कितीही गर्दी असली तरी ४५ मिनिटं लागतात. अरुंद रस्त्याला गाड्यांच्या संख्येला १०० ने भागून येतील तितकी मिनिटं लागतात. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या, तर प्रत्येक अरुंद रस्त्यावर २,००० गाड्या, म्हणजे २० मिनिटं. एकूण प्रवास २० अधिक ४५, म्हणजे ६५ मिनिटं.

आता दोन वाटांच्या मध्ये एक झकास जोडमार्ग बांधला. तो इतका छोटा की पार करायला वेळच लागत नाही. प्रत्येकाला वाटतं, ४५ मिनिटांचा रुंद रस्ता कशाला घ्यायचा? पहिला अरुंद रस्ता, मग जोडमार्ग, मग दुसरा अरुंद रस्ता असं जाऊ. सगळेच असा विचार करतात. दोन्ही अरुंद रस्त्यांवर ४,००० गाड्या येतात आणि प्रत्येकाला ४० मिनिटं लागतात. एकूण झाली ८० मिनिटं! कुणी एकट्याने जुन्या वाटेवर परत जायचं म्हटलं तर त्याला ८५ लागतात, म्हणून कुणी परतही जात नाही.

रस्ता वाढला आणि सगळ्यांचाच वेळ पंधरा मिनिटांनी वाढला. प्रत्येक जोडमार्गाचं असं होत नाही. पण बांधण्याआधी फक्त त्या रस्त्याचा नाही, तर पूर्ण जाळ्याचा हिशेब करावा लागतो, हे यातून कळतं.

जोडमार्गाची किंमत कोण मोजतं?

लांब महामार्ग शेतातून जातो. जोडमार्ग मात्र शहराच्या दाट भागातून काढावा लागतो, म्हणून त्यात घरं जातात.

मुंबईतला सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड बघा. लांबी फक्त ६.४५ किलोमीटर. शहराचे दोन मोठे हायवे, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, तो जोडतो. देशातला पहिला दुमजली उड्डाणपूल याच रस्त्यावर आहे. पण रस्ता सुरू व्हायला एप्रिल २०१४ उजाडलं. कामाला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. वाटेत रेल्वेमार्ग होते, पण त्याहून अवघड होता तो वस्त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न. हा रस्ता ज्या योजनेचा भाग होता, तिच्या रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामांसाठी जागतिक बँकेने मार्च २००६ मध्ये पैसे देणं काही महिने थांबवलं होतं.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं उदाहरण तर जास्तच बोलकं आहे. तिथला इंटरस्टेट ३७५ दोन किलोमीटरहूनही कमी लांबीचा. १९६४ मध्ये सुरू झाला. तो बांधताना ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या भरलेल्या वस्त्या आणि बाजार मोडले गेले. आता तोच रस्ता काढून तिथे सिग्नलवाला साधा शहरी रस्ता करण्याची योजना तिथल्या सरकारने आखली आहे.

दुसरं टोक आपल्या गावातही असतं

आतापर्यंत शहराकडच्या टोकाबद्दल बोललो. पण प्रवासाला दोन टोकं असतात. आपल्याकडे रस्त्यांची उतरंड अशी आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. गाव मोठ्या रस्त्याला जोडलं जातं ते या शेवटच्या पायरीवर. त्यासाठी डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट भागात किमान ५०० लोकवस्ती आणि डोंगरी, आदिवासी भागात किमान २५० लोकवस्ती, असा तिचा मूळ निकष होता.

माझ्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या काही पाड्यांवरून आजही आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथून पुढे रुग्णवाहिका मिळते, पण तिथवरचे दोन-चार किलोमीटर पायीच. त्या घराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा जोडमार्ग तोच. मुंबईतला माझा उतार चुकला तर एक दिवस गेला. तिथे शेवटचा सांधाच नसला तर त्याहून खूप जास्त जाऊ शकतं.

म्हणून कुठलाही नवा रस्ता जाहीर झाला की किलोमीटर आणि कोटी यांच्या आधी तीन प्रश्न विचारा. सुरू कुठून होतो? संपतो तिथे पुढे काय आहे? आणि मध्ये कुणाला चढता-उतरता येणार आहे?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीवेवर टोल नसतोच का?
तसं नाही. फ्रीवे या शब्दाचा टोलशी संबंध नाही. ईस्टर्न फ्रीवेवर टोल नाही, ही वेगळी गोष्ट. मुंबईत शिरताना लागणाऱ्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कार-जीपसारख्या हलक्या वाहनांना टोलमाफी आहे.

बायपास आणि जोडमार्ग यात फरक काय?
बायपास गावाला टाळून पुढे नेतो. जोडमार्ग गावात किंवा शहरात आणून सोडतो.

उतार चुकला तर काय करायचं?
रिव्हर्स घेऊ नका, मध्येच थांबू नका. मागून येणाऱ्या गाड्या तुम्ही चालत आहात असं धरूनच येत असतात. पुढच्या उतारापर्यंत जा आणि खालून परत या. अर्धा तास जाईल, पण तेवढाच.

बाहेरगावाहून रुग्णाला घेऊन येताना काय काळजी घ्यावी?
रुग्णालयाच्या पत्त्याबरोबर कुठल्या उताराला उतरायचं तेही आधी विचारून घ्या आणि कागदावर लिहा. गाडी चालवणाऱ्याकडे फोन देऊ नका, शेजारच्याने पाट्या वाचाव्यात. शहरात शिरल्यानंतरच्या प्रवासाला नकाशा जेवढा वेळ सांगतो, त्यावर किमान एक तास जास्त धरा.

मित्रांनो, माझे वडील आता बरे आहेत आणि तपासणीसाठी आम्ही सहा महिन्यांनी मुंबईला जातो. तो कागद अजून गाडीच्या खणात आहे. तुमच्या भागातही असा एखादा सांधा असेल, जिथे चांगला रस्ता संपतो आणि अडचण सुरू होते. माहिती उपयोगी वाटली तर बाहेरगावाहून मुंबईला येणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत ती नक्की पोचवा.